कुलवृत्तांताचे आधार : वाट आणि ठाव

अंत्रूज महालात कुलदैवताच्या दर्शनास जाणाऱ्या गोमंतकीय कुळांस आपल्या देवाचे दोन ठाव ठाऊक असतात. श्रीमंगेश आज प्रियोळ गावी नांदतो, पण तो मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. श्रीशांतादुर्गा कवळ्यास आहे, पण ती केळशीची. श्रीमहालक्ष्मी बांदिवड्यास आहे, पण ती कोलव्याची. श्रीरामनाथ लोटलीचा. श्रीम्हालसा वेर्ण्याची, तिच्या भक्तांनी तर मूळ स्थळाचे म्हार्दोळ हे नावच नव्या जागेस दिले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळांवर संकट कोसळले तेव्हा पूर्वजांनी देव उचलले, रात्रीच्या वेळी नदी ओलांडली आणि परक्या राजवटीखालच्या अंत्रुजात त्यांची स्थापना केली. त्या गोष्टीस आता साडेचारशे वर्षे उलटून गेली. देवाचे ठाणे बदलले, राजवटी बदलल्या, गावांच्या नावांचे उच्चारसुद्धा बदलले. परंतु कोणाही कुळाचा देव हरवला नाही.

असे का घडले याचा विचार करण्यासारखा आहे. पूर्वजांनी पुढच्या पिढीस केवळ वाट सांगितली असती, म्हणजे अमुक नदी उतरावी, अमुक टेकडीस वळसा घालावा, की देऊळ दिसेल, एवढेच सांगितले असते, तर वाट मोडल्यावर देवही दिसेनासा झाला असता. त्यांनी वाट सांगितली नाही, ओळख सांगितली. देवाचे नाव, मूळ गाव, कुळाचे गोत्र, वांगड आणि देवकार्यातील मान एवढे त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतले. वाट ही काळाच्या स्वाधीन असते; ओळख सोबत नेता येते. प्रस्तुत लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच. फक्त ते आजच्या एका नव्या साधनास लावून पाहावयाचे आहे.

गेल्या काही वर्षांत कुलवृत्तांत लिहिण्याची हौस आपल्या समाजात पुन्हा वाढीस लागली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली घराणी आपले मूळ गाव शोधीत गोमंतकात येतात. या शोधास आंतरजालाने मोठेच साहाय्य केले आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. लिस्बनच्या दफ्तरखान्यातील कितीतरी कागदांच्या प्रतिमा आज इंदुरास घरी बसून पाहता येतात. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा अशा क्षेत्रींच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांचे चित्रण करण्याचे काम अमेरिकेतील युटा येथील वंशावळी-संशोधन संस्थेने १९७७ च्या सुमारास सुरू केले. त्या प्रतिमांचा संग्रह आता ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर नांदतो. आमच्या आजोबांच्या पिढीस जो कागद पाहण्यास सहा महिन्यांची रजा आणि समुद्रपर्यटन लागले असते, तो आज क्षणात डोळ्यांपुढे येतो. हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

परंतु या सुलभतेने एक वाईट सवयही लाविली आहे. अलीकडे प्रसिद्ध झालेला कोणताही कुलवृत्तांत उघडून तळटीपा पाहाव्या. ‘पाहा : अमुक संकेतस्थळ’ असे लिहून पुढे अक्षरांची नि आकड्यांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. तेथे कोणता कागद होता, तो कोणाच्या ताब्यातला, कोणी वाचला, कधी पाहिला, याचा पत्ता नसतो. दहा वर्षांनी वाचक ती ओळ यंत्रात घालतो, तेव्हा ‘पान सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळते. लेखकाने वाट सांगितली होती, ओळख सांगितली नव्हती. वाट मोडली आणि देवही गेला.

हा दोष आम्ही दुसऱ्यांचा म्हणून सांगत नाही. तो आमच्या हातून घडला आहे, आणि त्याचे शल्य अजून गेलेले नाही.

शिंदे सरकारच्या दौलतीत गोमंतकातील अनेक घराणी उत्तरेत गेली, हे इतिहासाच्या वाचकांस विदित आहेच. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर आणि त्यांच्या मागून नावारूपास आलेले लखबादादा लाड ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्या आगेमागे कारकून, फडणीस, खजिनदार म्हणून जी सामान्य माणसे गेली त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. आमच्या घराण्याची एक शाखा अशीच ग्वाल्हेरीस गेली असावी, असे घरात बोलले जाई. त्या शाखेतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. घरात देवीचा टाक होता, आडनाव हुद्द्यावरून पडलेले, आणि मूळ गावाचे नाव पिढ्यांच्या उच्चारात निम्मे झिजून गेलेले. आपण कोणत्या वांगडाचे, एवढे कळावे, अशी त्यांची इच्छा होती. मालमत्तेचा किंवा मानपानाचा प्रश्न नव्हता. ‘देवीपुढे उभे राहून आपले नाव सांगताना अडखळू नये, एवढेच,’ असे त्यांनी आम्हांस लिहिले होते.

२०११ च्या सुमारास एका हौशी सद्गृहस्थांनी चालविलेल्या संकेतस्थळावर आम्हांस एका देवस्थानच्या जुन्या जमाखर्चातील देणगीदारांची यादी आढळली. तीत आमच्या एका पूर्वजाचे नाव, पित्याचे नाव आणि पुढे ‘मुक्काम ग्वाल्हेर’ अशी अक्षरे होती. आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. आम्ही वहीत त्या पानाचा पत्ता टिपला, तारीख घातली नाही, यादीची प्रत घेतली नाही, ती कोणत्या वहीतून उतरली आहे हे वरच्या मजकुरात होते तेही लिहिले नाही. दादांना मात्र तत्काळ पत्राने कळविले. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले. ‘कागद दाखवावा.’ हिशेबनिसाला साजेसेच ते होते.

दिरंगाई आमची. कोर्टाच्या तारखांत दोन-तीन वर्षे गेली आणि पुन्हा तो पत्ता उघडला तेव्हा तेथे भलत्याच मालाची जाहिरात झळकत होती. त्या सद्गृहस्थांच्या नावाची मुदत संपली होती आणि ते नाव कोणा व्यापाऱ्याने घेतले होते. जुन्या पानांच्या प्रती साठविणाऱ्या संग्रहात पहिले पान मिळाले, पण यादी ज्या चित्रात होती ते चित्र तेथे साठविले गेलेच नव्हते. यादी कोणत्या देवस्थानची, कोणत्या शकाची, वहीचे कोणते पान, यांतले काहीएक आम्हांस निश्चयाने सांगता येईना. साक्षीदारास ‘तुम्ही हे कोठे पाहिले? केव्हा पाहिले? स्वतः पाहिले की कोणी सांगितले?’ असे रोज विचारणाऱ्या माणसास स्वतःच्या घरच्या साक्षीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत. दादा पुढे दोन वर्षांनी वारले. कागद त्यांना दाखविता आला नाही.

ही केवळ आमची दुर्दैवकथा असती तर ती येथे सांगण्याचे कारण नव्हते. परंतु अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्ड येथील विधिपंडितांनी त्यापूर्वीच अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतील दुवे तपासले, तेव्हा निम्म्या दुव्यांवर मूळचा आधार सापडत नव्हता. २०११ मध्ये मुलांना विकल्या जाणाऱ्या हिंसक खेळांविषयीचा एक खटला त्या न्यायालयापुढे आला. त्यात न्यायमूर्ती अलिटो यांच्या स्वतंत्र मतपत्रात आधारादाखल दिलेल्या एका संकेतस्थळाचे नाव पुढे दुसऱ्या कोणीतरी घेतले आणि तेथे येणाऱ्या वाचकांची थट्टा करणारा मजकूर लिहून ठेवला. सर्वोच्च न्यायासनाच्या तळटीपेची जर ही गत, तर घरगुती कुलवृत्तांताची काय कथा!

आपल्याकडील अनुभवही निराळा नाही. कितीतरी तरुणांनी आपापल्या आडनावांचे नि गावांचे मेळावे ऑर्कुटवर भरविले होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. घरगुती पाने फुकट ठेवू देणारे जिओसिटीज २००९ मध्ये मिटले. याहू ग्रुप्समधील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला. अशा मेळाव्यांतून कोणी आजीने सांगितलेली नावे, कोणी देवळातल्या शिळेवरचा लेख, कोणी घरच्या पोथीतील वंशावळ घातलेली असे. लिहिणाऱ्यांस वाटले, जगापुढे ठेवले म्हणजे सुरक्षित झाले. प्रत्यक्षात त्यांनी ते परक्याच्या ओसरीवर ठेवले होते.

पान नाहीसे होणे हा एक प्रकार झाला. त्याहून घातक प्रकार असा की, पान जागच्या जागी राहते आणि आतला मजकूर बदलतो. ज्या वंशवृक्षात कोणासही नाव घालता-गाळता येते, त्यात आज पाहिलेला खापरपणजा उद्या दुसऱ्याच शाखेस चिकटलेला दिसतो. लेखकाने दिलेला दुवा उघडतो. वाचकास वाटते, लेखकानेच खोटे लिहिले. नाहीशा झालेल्या पानाने लेखक निराधार होतो. बदललेल्या पानाने तो लबाड ठरतो.

आता वकिली दृष्टीने या प्रश्नाकडे पाहू. ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, हा कायद्याचा सामान्य नियम. परंतु नात्याचा प्रश्न आला की कायदा थोडा मवाळ होतो, कारण आपल्या पणजोबांचा जन्म स्वतः पाहिलेला साक्षीदार कोठून आणावा? म्हणून १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने मृत माणसाचे नात्यासंबंधीचे विधान ग्राह्य मानले. घरची वंशावळ, थडग्यावरचा लेख, कुटुंबाचे चित्र यांवरील लेखांसही तेथे स्थान मिळाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६ व्या कलमात हीच तत्त्वे कायम आहेत. यातील अटी मात्र ध्यानात धराव्या. नाते सांगणाऱ्यास ते जाणण्याचे विशेष साधन असले पाहिजे, आणि ते त्याने वाद उपस्थित होण्यापूर्वी सांगितलेले असले पाहिजे. म्हणजे कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले, या दोन गोष्टींवाचून वंशावळीस पुराव्याचे मोल नाही. निनावी, बिनतारखेच्या पानावरील वंशवृक्ष या कसोटीस कसा उतरावा?

यंत्रातील नोंदींबाबत तर कायदा अधिकच काटेकोर झाला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने जुन्या कायद्यात घातलेल्या ६५-ब कलमाप्रमाणे अशा नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात सांगितले आणि जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या २०२० च्या निवाड्यात पुन्हा पक्के केले. नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात त्या नोंदीचा एक अंकठसाही द्यावा लागतो. त्या नोंदीतील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो, त्यामुळे मागाहून केलेला फेरफार लपत नाही. कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने असे प्रमाणपत्र करावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु न्यायालय ज्या शंका घेते त्या निरर्थक नसतात. ही प्रत कोठून आली? कोणी काढली? केव्हा? तीत फेरफार झाला नाही कशावरून? हे प्रश्न प्रत्येक चिकित्सक वाचकाच्या मनात येतातच.

येथे कोणी म्हणेल की, कागद तरी कोठे अमर आहे? कागदासही वाळवी लागते, आग लागते, पूर येतो. हे खरे. पण कागद हलला, दफ्तरखाना बदलला, तरी तो पुन्हा सापडावा अशी व्यवस्था जुन्या लोकांनी केली होती, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्या इतिहासाशी निगडित असलेल्या लिस्बनच्या दफ्तरखान्याचेच आहे. त्याचे नाव तोरे दो तोंबो. ‘तोरे’ म्हणजे बुरूज. चौदाव्या शतकापासून हे दफ्तर तेथील किल्ल्याच्या एका बुरुजात असे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो बुरूज ढासळला. ढिगाऱ्यातून कागद काढून ते एका मठात नेण्यात आले, आणि १९९० मध्ये नव्या इमारतीत आले. बुरूज जाऊन पावणेतीनशे वर्षे होत आली, दफ्तराने दोनदा घर बदलले, तरी संग्रहाचे नाव, गठ्ठ्याचा क्रमांक आणि पानाचा आकडा दिला की कागद पुढ्यात येतो. गोव्याच्या दफ्तराचीही तीच गोष्ट. दियोगो दो कोटो या इतिहासकारास १५९५ मध्ये त्याचा रक्षक नेमण्यात आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातील मान्सूनच्या गलबतांबरोबर आलेल्या पत्रव्यवहाराचे साठाहून अधिक खंड लिस्बनला गेले. खंड परदेशी गेले, पण त्यांची ओळख पुसली गेली नाही, म्हणून आजचा अभ्यासक ते तेथे जाऊन वाचतो. पणजीच्या दफ्तरात कोठे काय आहे हे सांगणारी डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांची मार्गदर्शिका १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे महत्त्वही याच कारणासाठी.

याहून जवळचा दाखला घ्यावयाचा तर पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयातला. रामायण-महाभारतातील कथांची जुन्या कोंकणी गद्यातील नि मराठी पद्यातील हस्तलिखिते गोमंतकातून तेथे जाऊन पोहोचली. ज्या भूमीत ती लिहिली गेली तेथे ती उरली नव्हती. परंतु ब्रागा, हस्तलिखित क्रमांक ७७१, ७७२, ७७३ एवढे लिहिले की जगातील कोणताही अभ्यासक त्यांच्यापर्यंत पोहोचतो. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचा वारसा तीन आकड्यांच्या आधाराने सुरक्षित राहिला. आधार देण्याची शिस्त म्हणजे विद्वानांचा केवळ सोपस्कार नव्हे, हे यावरून उमगावे.

आधाराच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपण काय पाहिले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मूळ कागद पाहणे निराळे, त्याची प्रतिमा पाहणे निराळे, कोणी केलेला उतारा वाचणे निराळे, आणि त्या उताऱ्यावरून तिसऱ्याने रचलेली वंशावळ पाहणे तर अगदीच निराळे. प्रत्येक पायरीवर चुकीस जागा असते. आमच्या समाजाच्या इतिहासात वारंवार उल्लेखिल्या जाणाऱ्या ‘कोंकणाख्याना’चेच उदाहरण घेऊ. ते इ. स. १७२१ चे, म्हणजे शके १६४३ चे. छापून निघाले १९०९ मध्ये. एखाद्याने उतारा करताना ‘शके’ हा शब्द गाळला, तर तोच ग्रंथ ७८ वर्षांनी जुना होतो. वंशावळीत ७८ वर्षे म्हणजे तीन पिढ्या. एक शब्द गळाल्याने पणतू पणजोबाच्या जागी जाऊन बसतो! ‘सह्याद्रिखंडा’चेही तसेच. डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईस त्याची छापील प्रत काढली ती अनेक हस्तलिखिते पडताळून. तेव्हा ‘सह्याद्रिखंडात असे म्हटले आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या प्रतीत, हे सांगावे लागते. संकेतस्थळावरच्या उताऱ्यास तर हा नियम दुप्पट लागू आहे.

मग करावे तरी काय? आमच्या ठेचेतून जे शहाणपण आले ते पुढीलप्रमाणे आहे.

पहिली गोष्ट, आधार लिहिताना आधी मूळ कागदाची ओळख लिहावी. तो कोणत्या जातीचा कागद आहे, म्हणजे जमाखर्चाची वही, महाजनांची नोंद, जन्मनोंद, खरेदीखत की तीर्थपुरोहिताची वही. तो कोणाच्या ताब्यात आहे. वहीचा क्रमांक, शक किंवा सन, पान आणि नोंद. ही ओळख पूर्ण असेल तर संकेतस्थळ उद्या बुडाले तरी वाचक मूळ कागदापर्यंत जाऊ शकेल. संकेतस्थळावर ही ओळख दिलेलीच नसेल, तर चालकास लिहून विचारावी. उत्तर आले नाही तर तेही नोंदवावे.

दुसरी गोष्ट, आपण काय पाहिले ते लिहावे. मूळ, प्रतिमा, उतारा की भाषांतर. उतारा असल्यास तो कोणी केला.

तिसरी, कोठे आणि केव्हा पाहिले ते लिहावे. संकेतस्थळाचे नाव, त्याचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख. तारखेवाचून संकेतस्थळाचा आधार म्हणजे मितीवाचून खत.

चौथी, ज्या दिवशी पाहिले त्याच दिवशी प्रत घ्यावी. पानाचे चित्र घेऊन साठवावे, आणि महत्त्वाचे असेल तर कागदावर छापून त्यावर पत्ता व तारीख हाताने लिहावी. १९९६ मध्ये स्थापन झालेला इंटरनेट आर्काइव्ह हा संग्रह जुन्या पानांच्या प्रती जपतो. २००१ पासून त्या सर्वांस पाहता येतात आणि आपल्यास हवे ते पान तेथे साठविण्याची विनंतीही करता येते. ती करावी. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. आमची यादी तेथेही नव्हती हे सांगितलेच आहे. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरात परक्यांच्या हल्ल्यामुळे तो संग्रहच काही दिवस बंद पडला होता. एक प्रत घरी, एक दुसऱ्या शाखेकडे आणि एक देवस्थानच्या दफ्तरी किंवा सार्वजनिक ग्रंथालयात, अशी तीन ठिकाणी वाटणी करावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, कागद काय म्हणतो आणि आपण त्यावरून काय अनुमान करतो, ही दोन वाक्ये वेगवेगळी लिहावी. ‘मुक्काम ग्वाल्हेर’ असे कागद म्हणतो. तो पुरुष शिंद्यांच्या चाकरीत होता, हे आमचे अनुमान. अनुमानास लाज नाही. त्याने पुराव्याचा वेष घेतला म्हणजे लाज.

हा खटाटोप कोणास जड वाटेल. पण आपल्या परंपरेत तो नवा नाही. आधारावाचून काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथाने टीका लिहिताना केली होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली, ती अस्सल कागद अभ्यासकांपुढे यावेत म्हणून. आणि पंडित व इतिहासकार बाजूला ठेवले, तरी तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांची वही पाहावी. यात्रेकरू आला की त्याचे नाव, पित्याचे नाव, गाव, सोबतची माणसे, येण्याचे कारण आणि मिती लिहून घ्यावयाची, आणि त्याच्याच हातची सही घ्यावयाची. नाते जाणणाऱ्याने, वाद नसताना, स्वतःच्या हाताने, तारीख घालून केलेले हे विधान. पुरावा अधिनियमास जे हवे होते ते या उपाध्यायांनी कायदा लिहिला जाण्यापूर्वीच साधले होते.

आमच्या कथेचा शेवटही अशाच एका वहीत झाला. दादांचे चिरंजीव पित्याच्या अस्थी घेऊन नाशिकास गेले असता तेथील उपाध्यायांनी वही उघडली. तीत त्यांच्या निपणज्याचा लेख मिळाला. पित्याचे नाव, मूळ गावाचे पूर्ण नाव, कुलदेवतेचे नाव आणि खाली मोडीत सही. चिरंजीवांनी पानाचे छायाचित्र घेतले. वही कोणत्या उपाध्यायांकडची, कोणते पान, कोणत्या दिवशी पाहिले, हे त्याच दिवशी छायाचित्राच्या पाठीवर लिहून एक प्रत आमच्याकडे धाडली. ते वाचताना दादांचे अक्षर आठवले, वळण तेच.

या लेखाने गाव सिद्ध झाले, देवता सिद्ध झाली, दोन पिढ्यांची नावे सिद्ध झाली. वांगड मात्र त्यात नाही. हरवलेल्या त्या यादीतील पुरुष आणि वहीतील पुरुष एकच असावेत असे आम्हांस वाटते, पण यादी आमच्या हाती नाही. म्हणून आमच्या कुलवृत्तांताच्या हस्तलिखितात त्या जागी आम्ही लिहिले आहे की, नाते संभवते; पुरावा अपुरा; २०११ च्या सुमारास पाहिलेला एक आधार आमच्या निष्काळजीपणामुळे आज दाखविता येत नाही. असे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिणे सुखाचे नसते. परंतु पुढे कोणी ती वही कोठल्याशा देवळाच्या माळ्यावरून शोधून काढील, तर नेमके काय शोधावयाचे हे त्यास या वाक्यावरून कळेल.

गेल्या वर्षी चिरंजीव सहकुटुंब देवीच्या दर्शनास आले होते. गर्भगृहापुढे भटजींनी संकल्प सांगताना गोत्र विचारले, मूळ गाव विचारले. दोन्ही त्यांनी स्पष्ट उच्चारात सांगितले.